इन्व्हर्टरची कोल्ड प्लेट तांब्याची काढून कॉम्पोझिटची करावी का?

ईव्ही_टीम_तिसरं_वर्ष:
आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रिक रेस कारचा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या डीसीचं मोटरसाठी एसी करणारा भाग, माझ्याकडे आहे. सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेटची (वीज चालू-बंद करणाऱ्या चिपची) तीन मॉड्यूल, खालच्या बेसप्लेटसकट तयार आलेली, ती थर्मल ग्रीस (उष्णता नेणारी पेस्ट) लावून तांब्याच्या कोल्ड प्लेटवर, म्हणजे आतल्या चॅनेलमधून कूलंट फिरणाऱ्या प्लेटवर, बोल्टने बसवलीत. प्लेट 200 बाय 120 बाय 10 मिमी, म्हणजे चॅनेल न धरता सव्वादोन किलोच्या आसपास, आणि वजन कमी करा म्हणून सगळे माझ्याच मागे लागलेत. एकजण म्हणतो बॉडी कार्बन फायबरची आहे तर प्लेटही त्याचीच करू, दुसरा म्हणतो अॅल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइड वापर. फुल लोडला एकूण 600 वॅट लॉस (उष्णता) धरलाय, मॉड्यूलचा बेस प्रत्येकी 20 चौरस सेमी. काय करू?

मटेरियल_लॅब:
कार्बन फायबरचं आधी डोक्यातून काढ. साध्या इपॉक्सीवाल्या लॅमिनेटमधून जाडीच्या दिशेने उष्णता जवळजवळ जातच नाही, 1 वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या आतबाहेर, आणि तुला तर नेमकी जाडीतूनच खाली पाण्यात न्यायचीय. ग्रॅफाइटचंही तसंच, पातळीत 1500 च्या वर जातं, तांब्याच्या चौपट, पण आडव्या थरांना छेदून जायचं म्हटलं की 10 वर येतं. चिपखालची उष्णता बाजूला पसरवायला ते उत्तम, पण असं आरपार न्यायला उपयोग नाही.

अॅल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइड मात्र खरंच चांगली चीज आहे. घनता 3 च्या आसपास, तांब्याच्या एक तृतीयांश. त्यात 60 टक्क्यांच्या वर सिलिकॉन कार्बाइड असतं आणि त्याच्या फटींत वितळलेलं अॅल्युमिनियम भरलेलं असतं, त्यामुळे एक्स्पान्शन, म्हणजे तापल्यावरचं प्रसरण, दर अंशाला 8 पीपीएमच्या (दशलक्षात 8 भाग) जवळ येतं. तांबं 17, अॅल्युमिनियम 23, आणि वर सोल्डर केलेलं सिरॅमिक 3 ते 7. गरम-थंड होताना सोल्डर फाटतो तो याच फरकामुळे, म्हणून रेल्वे इंजिनांच्या आयजीबीटी (मोठ्या पॉवरचे स्विच) मॉड्यूलला हीच बेसप्लेट देतात.

थर्मल_डिझाइन_12:
वरचं सगळं बरोबर आहे पण तिच्या केसला लागू होत नाही, कारण तिचा सोल्डर मॉड्यूलच्या आत आहे आणि कोल्ड प्लेट ग्रीसवर नुसती बोल्टने आवळलेली, तिथे जोडच नाही तर फाटणार काय. म्हणजे त्या मटेरियलचा जो खरा गुण, ज्यासाठी एवढे पैसे मोजायचे, तो इथे वायाच जाणार.

हिशोब करून बघ. 200 वॅट भागिले 20, म्हणजे 10 वॅट प्रति चौरस सेमी. चॅनेलच्या वर 3 मिमी धातू धरला तर तांब्यात तापमानाचा 0.75 अंश फरक पडतो, 6061 ग्रेडच्या अॅल्युमिनियममध्ये 1.8, आणि अॅल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडची कंडक्टिव्हिटी 180 धरली तर 1.7. आता ग्रीस बघ, 3 वॅट प्रति मीटर-केल्व्हिनचं, 0.1 मिमी जाड, एवढ्याशा थरात 3.3 अंश! तू धातू बदलून एक अंशाची लढाई लढतेयस आणि सगळ्यात मोठा अडथळा ग्रीसमध्ये बसलाय. साधी 6061 ची प्लेट कर, 650 ग्रॅमच्या आसपास येईल.

मटेरियल_लॅब:
मान्य, ग्रीसचा मुद्दा माझ्याकडून सुटला. फक्त उष्णता बेसवर सारखी पसरत नाही, चिपच्या बरोबर खाली दुप्पट-तिप्पट असते, त्यामुळे एक अंशाचा फरक दोन-तीन होईल. तरी तो परवडतो. आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचा असेल तर एकाच लूपमध्ये तांबं नकोच, कूलंटमधला इन्हिबिटर (गंज रोखणारं रसायन) कमी पडला की तांब्यामुळे अॅल्युमिनियम गंजून झिजायला लागतं. हे वजनापेक्षा मोठं कारण आहे असं माझं मत.

ईव्ही_टीम_तिसरं_वर्ष:
रेडिएटर अॅल्युमिनियमचाच आहे!! आणि मागच्या टेस्टनंतर कूलंट गढूळ झालं होतं ते आम्ही पाइपमधली घाण समजून बदलून टाकलं, आतून उघडून बघितलंच नाही. उद्याच बघते. ग्रीस आम्ही हातानेच फासतो, जाडी कशी राखायची?

थर्मल_डिझाइन_12:
स्टेन्सिलने (भोकं पाडलेल्या पातळ पत्र्याने) लाव, मॉड्यूलच्या डेटाशीटमध्ये जाडी आणि बोल्टचा क्रम दोन्ही दिलेलं असतं. आधी सगळे बोल्ट हलके, मग समोरासमोरचे करत पूर्ण टॉर्कला. एकदा बसवून परत उघड आणि ठसा बघ, मधे ग्रीस जाड राहिलं असेल तर प्लेट सपाट नाही, तिला आधी फेस मिलिंग करून (मशीनवर पृष्ठभाग सपाट करून) घे. आणि वारंवार गरम-थंड झाल्यावर पातळ ग्रीस कडेने बाहेर येत राहतं, म्हणून शर्यतीच्या सीझनला फेज चेंज पॅड ट्राय कर, पहिल्यांदा तापलं की वितळून स्वतःच पातळ बसतं.

ईव्ही_टीम_तिसरं_वर्ष:
ठीक, 6061 ची ड्रॉइंग आजच टाकते मशीन शॉपला. ठशाचा फोटो इथेच लावेन, मधे जाड दिसतंय का तेवढं सांगा.