एडिटरची रंगसंगती स्वतः बांधावी की तयार घ्यावी?

पेवकर, विश्रामबाग:
प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एडिटरची, म्हणजे कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची, रंगसंगती एकदा तरी स्वतः बांधावी, असे माझे मत आहे. मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडतीसाठी मी शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचा, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबांचा, प्रोग्रॅम सांभाळतो. त्यात आधीच्या माणसाने 'बारदान (रिकामी पोती) वजा करूनच दर लावावा' अशी कॉमेंट, म्हणजे संगणकासाठी नव्हे तर वाचणाऱ्यासाठी कोडमध्ये ठेवलेली टीप, लिहून ठेवली होती. मी सोलराइज्ड डार्क ही गडद पार्श्वभूमीची तयार रंगसंगती वापरत होतो, खिडकी पश्चिमेची आणि वेळ दुपारी चारची. ती ओळ मला दिसलीच नाही आणि मी खालच्या हिशेबाचा क्रम बदलून बसलो. पट्टी हाती पडण्यापूर्वी दिवाणजींनी पोत्यांचे वजन ताडले, म्हणून निभावले. नंतर मोजले, तेव्हा त्या रंगसंगतीत कॉमेंटचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातील फरक, सुमारे २.८ ला १ भरला. वेब सुगम्यतेची २००८ ची मार्गदर्शक तत्त्वे साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ मागतात.

मिरज जंक्शन:
पेवकर, आपला अनुभव मान्य आहे, निष्कर्ष नाही. खिडकीला पडदा लावून जे भागले असते, त्याचे खापर आपण रंगांवर फोडत आहात. ईथन शूनोव्हर यांनी २०११ मध्ये सोलराइज्ड मुद्दामच सौम्य केली, आणि तिचे १६ रंग लॅब या रंगमापन पद्धतीतील उजळपणाच्या अंकांवरून अशा बेताने निवडले, की गडद आणि उजळ या दोन्ही रूपांत अंतरे टिकावीत. हे काम नुसत्या नजरेने होणारे नाही. मी दोन रविवार घालवून स्वतःची रंगसंगती केली होती. सोमवारी कळले, की निवडलेला मजकूर आणि शोधात सापडलेला शब्द एकाच रंगात दिसतात. व्हीएस कोड या एडिटरमध्ये रंग देण्याच्या जागा शेकडो आहेत, आणि विसरलेली जागा नेमकी घाईच्या वेळी समोर येते.

कृष्णाकाठ:
मला लाल आणि हिरवा नीट वेगळे ओळखता येत नाहीत. फाईलच्या दोन प्रती ताडून पाहताना जोडलेली ओळ हिरवी आणि काढलेली लाल दाखवतात. मला दोन्ही मातकट दिसतात. मी त्या जागी निळा आणि नारिंगी घातला, बाकी काहीही बदलले नाही. पडदा लावून माझी अडचण सुटली नसती.

पेवकर:
शून्यापासून बांधा, असे म्हणायला नको होते, हे कबूल करतो. मीसुद्धा सोलराइज्ड सोडलेली नाही. सेटिंग्जच्या जेसन फाईलमध्ये चौकटी कंसात रंगसंगतीचे नाव लिहून त्याखाली फक्त कॉमेंटचा रंग बदलला, त्यामुळे तो बदल दुसऱ्या रंगसंगतीला लागत नाही. कोणत्या शब्दाला कोणता नियम लागला आहे, हे दाखवणारी तपासणीची आज्ञा एडिटरमध्येच आहे. रंग हळदीचा घेतला, पण कॉन्ट्रास्ट मोजून घेतला.

मिरज जंक्शन:
मग याला डागडुजी म्हणा, आणि तिला माझा विरोध नाही. मात्र आपल्याकडे जुना कोड पुसण्याऐवजी कॉमेंट करून ठेवण्याची सवय आहे. आता ती सगळी अडगळही हळदीच्या रंगात उजळून निघेल.

पेवकर:
निघाली. पहिल्याच दिवशी अशा चाळीस ओळी पुसल्या. जुन्या प्रती गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, आहेतच.