ले-आउटचा रस्ता धुऱ्यावर येऊन काहून थांबते?

बंडीवाट :
आमच्या तालुक्याच्या गावाभोवती दहा वर्षांत चहूकडे ले-आउट पडले. एक वावर विकलं की एक ले-आउट. मधोमध रस्ता, दोन्हीकडे प्लॉट, आणि रस्ता पलीकडच्या धुऱ्यावर संपतो. शेजारच्या ले-आउटचा रस्ताही तिकडून येऊन तिथंच संपतो. मधे तारेचं कुंपण. लेकीच्या शाळेची घंटा आमच्या गच्चीवर ऐकू येते, पण सायकलनं तिला आधी डांबरीवर जावं लागते, कापसाच्या ट्रकांमधून पुढच्या फाट्यापर्यंत, मग परत आत. जुन्या गावठाणातल्या गल्ल्या अरुंद, पण कुठूनही शिरा, कुठंही निघता येते. शेजारचा रस्ता जोडल्याशिवाय ले-आउटला मंजुरीच नको. पडलेलं घर पुन्हा बांधता येते. एकदा आखलेला रस्ता पिढ्यानपिढ्या तसाच राहतो.

शांत कोपरा :
भाऊ, मी मुद्दाम बंद गल्लीतला प्लॉट घेतला. लेकरं दारासमोर खेळतात, संध्याकाळी म्हातारी माणसं खुर्ची टाकून बसतात. गल्ली आरपार केली की रेतीचे टिप्पर इथूनच जातील. अमेरिकेत १९२९ मध्ये रॅडबर्न वसाहत मुद्दाम अशीच आखली होती, लेकरं गाड्यांपासून दूर राहावीत म्हणून.

बंडीवाट :
रॅडबर्नमध्ये गल्ली गाडीसाठी बंद होती, पायी माणसासाठी नाही. घरांमागून पायवाटा होत्या, रस्त्याखालून जायला बोगदा होता. पुढं लोकांनी बंद गल्ली उचलली आणि पायवाट सोडून दिली. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी रस्त्यांची जाळी तपासली. अमेरिकेत नव्या रस्त्यांचा तुटकपणा १९९४ च्या सुमारास कळसाला पोचून मग उतरू लागला. पण २०२० मध्ये त्यांनी जगभरचे नकाशे पाहिले, तर बऱ्याच देशांत तो वाढतच चाललेला. टिप्परची भीती खरी आहे, दादा. मग खांब रोवा, सायकल आणि माणूस जाईल एवढीच फट ठेवा. भिंत कशाला?

तीन एकर :
तुम्ही दोघंही प्लॉटवाले. मधलं वावर माझं आहे. जोडरस्ता म्हणजे माझ्या तुरीतून जाणार, हे कोणी बोललं नाही. आणि इथून पांधण होती. आमचा बाप तिथून बंडी नेत होता. ले-आउटवाल्यांनी ती कुंपणात घेतली. आता पावसाळ्यात खताचं पोतं मी डोक्यावर नेतो. आधी आमची वाट गेली, मग तुम्हाला वाट आठवली.

मोजणीवाला (निवृत्त) :
तिघंही एकाच गोष्टीवर भांडत आहात. वावराचा धुरा हाच ले-आउटचा शेवट ठरतो, कारण प्रत्येक गट नंबरच्या जमिनीचा ले-आउट वेगळा मंजूर होतो. यावर उपाय कायद्यात आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून नगररचना योजनेची सोय आहे, १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, आधी रस्ते आखायचे, प्रत्येकानं हिश्शानं थोडी जमीन सोडायची, उरलेली नीट आकाराची परत. गुजरातनं हे भरपूर वापरलं. एकट्या शेतकऱ्याच्या उरावर रस्ता येत नाही.

शांत कोपरा :
पायवाट आणि खांब असतील तर माझी हरकत नाही. आरपार गाडीरस्त्याला मात्र आहे, आणि राहील.

तीन एकर :
सगळ्यांची जमीन सारखी जात असेल तर बसतो बोलायला. पण पांधण आधी मोकळी करा, काकाजी. गावनकाशात ती अजून आहे.