शिष्य, अनुयायी, शिष्यत्व : फलकावर कोणता शब्द?

प्रश्न
पाऊस सरला की सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे थांबलेले कार्यक्रम पुन्हा सुरू होतात : घरसभा, तरुण संघ, मुलांची शब्बाथ शाळा. यंदाचा विषय आहे शिष्यत्व. तरुणांना फलकावर ‘येशूचे अनुयायी’ हवंय, शिष्यत्व पुस्तकी वाटतं म्हणतात. एक ज्येष्ठ बाई ‘शिष्यपण’वर ठाम आहेत. शिवाय इंग्रजी पत्रकातल्या ‘ऑटम’चं कुणीतरी ‘शरद ऋतूतील उपक्रम’ केलंय. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद
‘अनुयायी’ चूक नाही, पण त्यात शिकणं येत नाही. पक्षाचे, विचाराचे, नेत्याचे अनुयायी असतात; नेत्याची भेटही झालेली नसते. शिष्य हा शास् धातूवरून आला. ज्याला शिकवायचं, वळण लावायचं, तो शिष्य. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘माथेतेस’, त्याचाही अर्थ शिकणारा. मत्तय 28:19 मध्ये ‘शिष्य करा’च्या जागी ‘अनुयायी करा’ वाचून बघा, नुसती माणसं जमवायला सांगितल्यासारखं वाटतं. आणि प्रेषितांची कृत्ये 11:26 प्रमाणे अंत्युखियात शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळालं. म्हणजे शिष्य हे आपलं त्याच्याही आधीचं नाव. ते सोडू नका.

प्रतिसाद
शिष्य आणि शिस्त एकाच मुळातले ना? आमच्या वर्गात तसंच सांगतात.

प्रतिसाद
नाही. शिस्त फारसीतून आली, तिचा जुना अर्थ नेम, बंदुकीचा धरतात तो. शिष्याचे भाऊबंद म्हणजे शासन, शास्त्र. इंग्रजीत ‘डिसायपल’ आणि ‘डिसिप्लिन’ एका लॅटिन मुळाचे आहेत, त्यावरून मराठीतही ही जोडी लावली जात असावी.

प्रतिसाद
मला नामापेक्षा क्रियापदाची काळजी वाटते. मराठीत शिष्यत्व ‘पत्करतात’. गाणं शिकणारा गुरूच्या घरी जातो, विनवतो, मग गंडा बांधला जातो. म्हणजे निवड शिष्याची. शुभवर्तमानात उलटं आहे. लेवी जकातीच्या नाक्यावर बसलाय, हाताखाली हिशेब, समोर माणसं. येशू जाता जाता म्हणतो, माझ्यामागे ये. तो उठतो आणि निघतो (मार्क 2:14). योहान 15:16 मध्ये तर स्पष्टच आहे : तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं.

आपण होऊन येणाराही भेटतो. मत्तय 8:19 मधला शास्त्री ‘गुरुजी’ अशी हाक मारून म्हणतो, तुम्ही जाल तिथे मी मागे येईन. त्याला शाबासकी मिळत नाही. मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला जागा नाही, हे त्याला आधी ऐकवलं जातं. आपला जिल्हा पंढरपूरचा. माळ घातली की नेम पाळावे लागतात, हे इथे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. शिष्यत्वालाही असंच बंधन आहे, आणि घरसभांमधून बोलायला हवं ते यावर.

तेव्हा ‘पत्करणं’ खुशाल वापरा, पण बोलावणं आधी आलं हे वाक्यात दिसू द्या. ‘शिष्य होण्याचं पाचारण’ असं लिहा. पाचारण हा शब्द आपल्या मंडळ्यांत रुळलेला आहे.

‘शिष्यपण’ही सुंदर आहे. ‘-त्व’ लागलं की पदवीसारखं वाटतं, ‘-पण’ लागलं की अंगात असल्यासारखं. बाईंचं ऐका.

प्रतिसाद
शरद पंचांगाप्रमाणे बरोबर आहे, आश्विन-कार्तिक. पण ‘ऑटम’मागे तिकडची कापणी आणि उन्हाळी सुट्टीनंतर उघडणाऱ्या शाळा आहेत. आपल्या शाळा जूनमध्येच उघडतात. आणि सोलापूर रब्बी ज्वारीचं. ऑक्टोबरात इथे पाभरी चालू असतात, काढणी थेट फेब्रुवारीच्या सुमारास. पत्रकात कापणीचं चित्र असेल तर तेही बदला. सरळ ‘पावसाळ्यानंतरचे उपक्रम’ लिहा.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. चित्र आहेच, गव्हाच्या पेंढ्यांचं, काढतो. फलकासाठी ‘शिष्यपण : प्रभूचं पाचारण’ असं पाळकसाहेबांसमोर ठेवतोय. तरुण संघाला पटलं नाही तर मार्क 2:14 त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेईन.