उमेदवारांचा जाहीर वाद (डिबेट) ऐकून कोणाला मत द्यायचं ते ठरलं का कधी? अनुभव सांगा

संत्रानगरी: मुलगी अभ्यासासाठी अमेरिकेतल्या निवडणुकीचा १९६० चा केनेडी-निक्सन वाद मोबाईलवर पाहत होती अन् मला बाबा आठवले. जांबुवंतराव धोटे १९७१ ला नागपुरातून खासदार झाले, त्यांच्या सभेतल्या आवाजाबद्दल बाबा शेवटपर्यंत भरभरून बोलायचे. पण सभेत एकच माणूस बोलणार, उलट प्रश्न कोण विचारणार? तुमचं मत कधी असा वाद ऐकून बदललं का?

महालवाला: बदललं ना ताई. आमच्या सोसायटीनं वॉर्डातले उमेदवार एकत्र बोलावले होते. एक जण असा झकास बोलला की टाळ्याच टाळ्या, पण आमच्याकडे नळ किती वाजता येतात विचारलं तर गप्प. एक काकू अडखळत बोलल्या, पण गडर लाईन कुठं तुंबते, कुठला पाईप बदलायचा सगळं बरोब्बर सांगितलं. आमच्या घरची सगळी मतं काकूंना.

तर्री_पोहे: टीव्हीवर तर सगळे एकदमच ओरडून राहिले असतात, सासरे आवाज वाढवतात अन् मला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत 😄 थांबा, गॅस बंद करून येते

धरमपेठकर: अमेरिकेत २०२४ ला २७ जूनच्या वादात बायडेन अडखळले अन् २१ जुलैला त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली. म्हणजे वादातून काहीतरी कळतंच, पण माणूस कारभार कसा करेल ते नाही कळत. मी उमेदवारांचं शपथपत्र वाचतो, गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असते, सुप्रीम कोर्टामुळे ते द्यावंच लागते. फक्त कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाही, म्हणून मला दोन्ही पाहिजे. मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती लोकूर, शहा अन् पत्रकार एन. राम यांनी मोदी-राहुल गांधींना जाहीर चर्चेचं बोलावणं दिलं होतं, ती झालीच नाही, फार वाईट वाटलं.

सीताबर्डी_३: विधिमंडळाचं अधिवेशन आलं की आमच्याकडे नागपुरात मोर्चे अन् बंद रस्ते. एकदा पास मिळाला म्हणून गॅलरीत बसलो, आपल्या भागाचा प्रश्न आला तेव्हा कोण उठून बोललं ते डोळ्यांनी पाहिलं. पोरांना दाखवाच.

तर्री_पोहे: आले. दादा ते शपथपत्र कुठं मिळते? आईला वाचून दाखवायचं आहे

धरमपेठकर: लोकसभा-विधानसभेचं निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर, महापालिकेचं राज्य निवडणूक आयोगाकडे. वरण झालं का?

तर्री_पोहे: झालं, आता पोळ्या