जॉन दुरानने करिअर विकलं म्हणे!

टचलाइन

काल इथल्याच एका सदस्याने कोलंबियाचा स्ट्रायकर जॉन दुरान याला आठ ओळींची श्रद्धांजली वाहिली. सार एवढंच: बायर्न म्युनिकवर गोल ठोकणारा पोरगा २१व्या वर्षी पैशाला भुलून सौदीच्या अल नस्र क्लबला ‘वाळू खायला’ गेला, सहा महिन्यांत इस्तंबूलला उसना पडला, आता कोलंबियाच्या संघातही नाही, भोगा कर्माची फळं. खाली लाइकचा पाऊस. तिथे उत्तर लिहायला बसलो तर ते आवरेना, म्हणून हा धागा.

पोरगा भुलून गेला म्हणता, पण त्याला विकलं कुणी? अ‍ॅस्टन व्हिलाने (बर्मिंगहॅमचा इंग्लिश क्लब) जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिकागो फायरकडून तो घेतला तेव्हा सुरुवातीची रक्कम दीड कोटी पौंडांच्या आसपास होती. दोन वर्षांनी विकला ६.४ कोटींना, वर बोनस वेगळे. लीगच्या नफा-तोट्याच्या नियमांनी व्हिलाच्या नाकात दम आणला होता. अल नस्रला तर आधी जर्मनीतल्या लेव्हरकूसेनचा स्ट्रायकर बोनिफेस हवा होता. ते फिसकटलं आणि चेकबुक बर्मिंगहॅमला आलं. एवढी रक्कम समोर आल्यावर कुठल्या क्लबने ‘नको, पोराचं भवितव्य महत्त्वाचं’ म्हटलं असतं?

आणि तिथे त्याला खेळायला किती मिळत होतं? स्ट्रायकर म्हणून वॉटकिन्स पहिला, हा बाकावर. मे २०२४ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध १-३ ने मागे असताना उतरून शेवटी शेवटी दोन गोल, ३-३. पुढच्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात वेस्ट हॅमवर विजयी गोल, बदली म्हणून. एव्हर्टनवरचा तो लांबून मारलेला रॉकेट, बदली म्हणून. बायर्नवरचा, तोही बदली म्हणूनच. तो पुन्हा एकदा बघा. पाऊ टोरेसचा लांब पास, बायर्नचा गोलकीपर नॉयर सवयीप्रमाणे घर उघडं टाकून पुढे, आणि हा चेंडू थांबवायच्या भानगडीत न पडता डाव्या पायाने थेट त्याच्या डोक्यावरून. अर्ध्या मोसमात सगळ्या स्पर्धा मिळून १२ गोल केल्यावरही पुढच्या शनिवारी पुन्हा बाकावर. तुमच्यापैकी किती जण थांबले असते?

मैदानमारुती

धागा वाचला. वकीलपत्र छान आहे, अशील चुकीचा आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये याच दुरानने व्हिलाबरोबर २०३० पर्यंतचा नवा करार केला. बाकावर बसायचं नव्हतं तर पेन कशाला उचललं? त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात लाइव्ह व्हिडिओवर हात आडवे धरून दुसऱ्याच क्लबची, वेस्ट हॅमची, खूण कुणी केली? क्लबने केली? बॉक्सिंग डेला न्यूकॅसलमध्ये अर्ध्या तासात लाल कार्ड घेऊन संघाला दहा जणांवर आणलं, ०-३ हरले. आणि वॉटकिन्सला बसवून याला खेळवायचं? त्याने आदल्या मोसमात लीगमध्ये १९ गोल मारले होते, साहेब.

कोलंबियाचाच लुइस दियाज बघा. गाव बारांकास, ला ग्वाहिरा. त्याचं बालपण किती गरिबीत गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. हुनियोर, पोर्तो, लिव्हरपूल, आता बायर्न. एकेक पायरी. बापाला गनिमी बंडखोरांनी पळवून नेलं तेव्हासुद्धा या माणसाने लूटनविरुद्ध उतरून बरोबरीचा गोल मारला. त्याला सौदीचे पैसे दिसत नव्हते का?

टचलाइन

दियाजला मध्ये आणणार हे माहीतच होतं. कुठलाही कोलंबियन पोरगा वेडावाकडा वागला की त्याच्या डोक्यावर एक गुणी कोलंबियन नेऊन ठेवायचा. १९९० च्या दशकात आस्प्रियाच्या डोक्यावर वाल्देरामा ठेवायचे. दियाज युरोपात आला तेव्हा २२ वर्षांचा होता. दुरान कोलंबियातल्या एन्विगादो क्लबकडून १५व्या वर्षी वरिष्ठ संघात खेळला. १७व्या वर्षी शिकागोशी करार झाला, पण १८ पूर्ण होईपर्यंत फिफाचा नियम देश सोडू देत नाही, म्हणून वर्षभर तसाच थांबला. १९व्या वर्षी बर्मिंगहॅमच्या जानेवारीत. दोघांना एकाच मापाने कसं मोजणार?

जुबैलकर

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, मुलगा बघतो म्हणून बघतो. पण ते ‘वाळू खायला गेला’ वाचलं आणि राहवलं नाही.

मी चिपळूणचा. पाइपिंगमध्ये आहे. पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी होती, पगार तीन-तीन महिने लटकायचा, मागायला गेलं की साहेब मीटिंगमध्ये. इथे आलो. बहिणीचं लग्न, बापाची बायपास, गावच्या घराचं छप्पर, सगळं या वाळूनेच केलं. मे महिन्यात शटडाउनच्या कामाला दुपारी दोन वाजता रॅकवर चढून बघा, मग बोला कोण वाळू खातो आणि कोण बिर्याणी. हा देश सोडून जास्त पैशाला गेलं की पुण्यामुंबईची माणसं ‘गल्फला गेला’ असं नाक वर करून म्हणतात. तीच माणसं अमेरिकेला गेलेल्याचे पेढे वाटतात.

कट्टा क्र. ३

जुबैलकर, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण तुमची आणि दुरानची तुलना होते का? तुम्ही छपरासाठी गेलात, त्याच्याकडे व्हिलातच सात पिढ्यांची सोय होती. आणि सौदीचं एवढं गुणगान गाताना कफील (कामगाराचा तिथला मालक-प्रायोजक) प्रकरणही सांगा. पासपोर्ट कुणाच्या कपाटात असायचे? माझा चुलत मामा रियाधला एका ठेकेदाराकडे होता. इकामा (राहण्याचा परवाना) संपला तरी ठेकेदार नूतनीकरण करेना, देश सोडायची एक्झिट मिळेना, आजी वारली तेव्हा येता आलं नाही. स्टेडियमं कुणाच्या घामावर उभी राहताहेत हे रोनाल्डोचे रील्स बघून कळत नाही.

जुबैलकर

गुणगान कुठे गायलं? मी माझं सांगितलं, तुम्ही तुमच्या मामाचं सांगितलंत. मामांचं वाईट वाटलं, अशी माणसं माझ्याही कॅम्पमध्ये बघितली आहेत. पण मला पुण्यात बुडवलं तो ठेकेदार मराठीच होता. त्याच्यावर धागा काढू का?

कट्टा क्र. ३

काढा. म्हणजे सौदीतला अन्याय आपोआप माफ होईल.

जुबैलकर

तुम्ही एसीत बसून न्याय करा. आमची गाडी पावणेपाचला येते.

जुनी पानं

भांडा, पण कोलंबियाचा इतिहास विसरून भांडू नका. सौदीने आज जे केलं ते कोलंबियाने १९४९ लाच करून झालंय. त्यांची नवी लीग फिफाच्या बाहेर होती, म्हणजे खेळाडू उचलताना त्याच्या जुन्या क्लबला एक पैसा द्यायला नको. अर्जेंटिनात खेळाडूंचा संप झालेला. बोगोटाच्या मिलोनारिओसने तिथल्या दि स्टेफानोला उचललं. त्या काळाला ते अजून ‘एल दोरादो’ (सोन्याचा देश) म्हणतात, अभिमानाने म्हणतात.

इंग्लंडमध्ये तेव्हा पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती, आठवड्याला १२ पौंड. स्टोकचा नील फ्रँकलिन, इंग्लंडचा पक्का सेंटर हाफ, १९५० चा विश्वचषक सोडून बोगोटाच्या सांता फेला गेला. मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटनही गेला. इंग्लिश वर्तमानपत्रांनी तेव्हा जे लिहिलं तेच आज तुम्ही लिहिताय. लोभी, गद्दार, करिअर विकलं. पगाराची मर्यादा उठायला १९६१ उजाडलं. मग मात्र सगळे म्हणायला लागले की त्या पोरांवर अन्यायच होत होता.

मैदानमारुती

जुनी पानं, अर्धंच पान वाचलंत. फ्रँकलिन काही महिन्यांत परत आला, बंदी झाली, पुढे हल सिटी क्लबकडे गेला आणि इंग्लंडकडून पुन्हा कधीही खेळला नाही. म्हणजे तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने साक्ष देतंय. धन्यवाद.

जुनी पानं

आणि दि स्टेफानो तिथूनच रेआल माद्रिदला गेला. ते पान वाऱ्याने उडालं का?

फातोर्डा पूर्व स्टँड

अवांतर आहे, पण अल नस्रचं नाव निघालंय म्हणून. २०२४-२५ मोसमात हे सौदी लीगमध्ये तिसरे, आशियाई चॅम्पियन्स लीग एलिटच्या उपांत्य फेरीत जपानच्या कावासाकीकडून ३-२ ने हरले. त्यामुळे पुढच्या मोसमात दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेत, आणि म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या गोव्यात, एफसी गोवाविरुद्ध. रोनाल्डो आलाच नाही. दुरान तोपर्यंत तुर्कस्तानात. २-१ ने आम्ही हरलो, पण आमच्या ब्रायसन फर्नांडिसने त्यांच्यावर गोल मारला तेव्हा फातोर्डा स्टेडियममध्ये जो आवाज झाला तो ऐकायला हवा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात काय? ‘रोनाल्डो का आला नाही.’ आपल्या पोराच्या गोलाला दोन ओळी. तुम्हीसुद्धा इथे कोलंबियातल्या मेडेयीनच्या पोरासाठी रक्त आटवताय आणि २०२५-२६ ला आपली इंडियन सुपर लीग वेळेवर सुरू झाली नाही त्यावर धागा काढला की चार प्रतिसाद येतात, त्यातले दोन माझेच.

मैदानमारुती

+१. (फक्त गोलाबद्दल.)

रंकाळा एक्सप्रेस

भावांनो, येवढं शिकल्यालं बोलताय, एक साधं सांगतो. आमचा भाचा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर खेळायचा तवा पब्लिक नुसत्या त्याच्या पायाकडं बघायची. डावा पाय. बाहेरच्या एका क्लबचं बोलावणं आलं, चार पैसे बरे होते. आमच्यातली जाणती म्हणाली, ‘एक सीझन थांब, आनी मोठं बोलावणं यील.’ थांबला. सीझनच्या मधीच लिगामेंट गेलं. बॉल जवळ बी नव्हता, नुसता वळला आनी बसला. ऑपरेशनचे पैसे मंडळानं निम्मे गोळा केले, निम्मे आमी. आता एमायडीसीत फौंड्रीला हाय. जिना उतरताना अजून कठड्याला धरतो.

तवा ‘थांबायला पायजे हुतं’ म्हणणाऱ्यांनी त्याच्या घरला येऊन म्हणावं.

कट्टा क्र. ३

वाईट झालं, खरंच. पण म्हणजे गुडघा जाईल या भीतीने सगळ्यांनी विसाव्या वर्षी जो जास्त देईल त्याच्याकडे जायचं? कोलंबियाच्याच फाल्काओचाही गुडघा गेला होता, २०१४ चा विश्वचषक हुकला. तो त्या आधी मोनॅकोला पैशासाठीच गेलेला. मग तो धडा कोणत्या बाजूचा?

रंकाळा एक्सप्रेस

धडा बिडा तुमी शिकवा. आमी खेळल्यालो हाय.

टचलाइन

रंकाळा, एका वाक्यात धागा संपवलात.

एक हिशेब मात्र कुणीच मांडला नाही. असा परदेशी सौदा झाला की रकमेतले ५ टक्के १२ ते २३ वयात खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांत वाटावे लागतात. म्हणजे व्हिलाने विकलं तेव्हा त्यातला वाटा एन्विगादोकडेही जायला हवा. हामेस, ग्वारीन, किंतेरो, हे सगळे त्याच छोट्या क्लबमधून वर आलेले. तुम्हाला जे ‘करिअर विकणं’ वाटतं त्यावर तिथे पुढची दहा पोरं शिकतात.

मैदानमारुती

वा! म्हणजे दुरान लोभी नाही, दानशूर कर्ण आहे. अहो, तो वाटा तो बायर्नला गेला असता तरी मिळालाच असता की.

आता माझे शेवटचे दोन मुद्दे, मग मी गप्प. अल नस्रकडून १८ सामन्यांत १२ गोल, हे मीच सांगतो, कारण तुम्ही विसरलात. तरीही २०२५ च्या उन्हाळ्यात याला इस्तंबूलच्या फेनरबाचेला पाठवलं आणि पोर्तुगालचा जुआंव फेलिक्स आणला. ज्या क्लबला १२ गोलांची किंमत नाही तिथे जाणं हीच चूक. तिथला प्रशिक्षक मोरिन्योने घेतला, हॉलंडच्या फेयेनूर्डला ऑगस्टमध्ये ५-२ हरवलं त्यात याचाही एक गोल, आणि महिना संपायच्या आत मोरिन्योचीच गच्छंती. मग सप्टेंबर २०२५ मध्ये कोलंबियाची व्हेनेझुएलावर ६-३ मात, त्यात कोलंबियाच्या लुइस सुआरेझचे चार गोल. तो स्पेनच्या अल्मेरियाहून पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला गेलेला, २७ वर्षांचा, कुणी रॉकेट म्हणत नव्हतं. कोलंबियाची नऊ नंबरची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची, जागा रिकामी होती, ती त्याने घेतली. दुरान त्या संघातच नव्हता.

टचलाइन

ठीक आहे, सुआरेझचा मुद्दा मान्य. आणि अल नस्रने त्याला वस्तूसारखं वापरलं हेही मान्य. पण मग काल ज्यांनी श्रद्धांजली लिहिली त्यांनी अल नस्रवर एक ओळ लिहायची होती, व्हिलावर एक. आठच्या आठ ओळी २१ वर्षांच्या पोरावर कशाला?

मैदानमारुती

कारण सही पोराची आहे. विकलं व्हिलाने, घ्या, लेखी देतो. फ्रेम करून लावा.

कट्टा क्र. ३

कालची श्रद्धांजली माझीच होती. ‘वाळू’ हा शब्द जुबैलकरांसाठी मागे घेतो. दुरानसाठी घेत नाही.

जुबैलकर

मी मागितला नव्हता. मुलगा विचारतोय, दुरान २०२६ च्या विश्वचषकात असणार का? कुणाला काही कल्पना?

फातोर्डा पूर्व स्टँड

पोराला सांगा, ब्रायसनला फॉलो कर.