मदत हवी आहे: जबड्याच्या ऑपरेशननंतर बाळाचं वजन वाढत नाही

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझ्या बहिणीच्या मुलीला जन्मतःच पिअर रॉबिन सिक्वेन्स आहे: खालचा जबडा लहान, जीभ मागे पडून श्वास अडकायचा, टाळूही फाटलेली. बेळगावात जबडा हळूहळू पुढे सरकवायचं ऑपरेशन झालं. श्वास आता छान चालतो, पालथं न घालताही शांत झोपते. देवाची कृपाच.

काळजी वजनाची. जन्मवजन २.६ किलो, आता तीन महिने पूर्ण, तरी जेमतेम ३.७. या वयात रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी असते. आधी श्वास घेण्यातच सगळी ताकद जायची, हे समजतं. पण आता का अडलंय? नाकातल्या नळीतून काढलेलं दूध देतो, थोडं खास बाटलीने. टाळूमुळे तिला ओढता येत नाही, दमते, मग उलटी.

ज्यांची बाळं यातून गेलीत त्यांना विचारते: ऑपरेशननंतर वजन किती दिवसांनी सावरलं? दुधात उष्मांक वाढवायला डॉक्टरांनी काय दिलं होतं? नळी कधी सुटली? बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापूरकडे बाळाला दूध प्यायला शिकवणारं कुणी चांगलं माहीत आहे का? पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं काय विचारू तेही सांगा.

मध, गुटी, गाईचं दूध कृपया सुचवू नका. घरातल्या मोठ्यांना आम्ही कसंबसं थांबवलंय. ताई रात्रभर जागून दूध काढते, वजनकाटा बघून रडते. अनुभव असेल तर नक्की लिहा.