व्हिनाइलच्या बॅटलमॅटवर मार्करचे डाग बसलेत, छापील चौकोन न घालवता कसे काढावेत?

फासा_वीसचा
मंडळी, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावरचा भूमिका-खेळ) साठी चेसेक्स कंपनीचा बॅटलमॅट आहे, म्हणजे पेनाने नकाशा काढून पुसायचा व्हिनाइलचा पट, २३.५ बाय २६ इंची, एका बाजूला चौकोन, दुसऱ्या बाजूला षटकोन. चौकोनांच्या बाजूवर दोन तऱ्हेचे डाग आहेत.

वेट-इरेझच्या, म्हणजे ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या, लाल पेनाने काढलेल्या गुहेच्या भिंती आठवडाभर तशाच राहिल्या. ओल्या फडक्याने वरची शाई गेली, गुलाबी रेघ उरली. शिवाय एका कोपऱ्यात व्हाइटबोर्ड मार्करचे काळे दरवाजे आहेत; कोरड्या फडक्याने अर्धे निघाले, बाकी करडे फासटलेत.

घरात थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि मॅजिक इरेझर आहे. यातलं काय चालेल?

शाई_आणि_व्हिनाइल
तिन्ही बाजूला ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा अ‍ॅसिटोन असतं. ते छापील रेघा तर उडवतंच, पण व्हिनाइलचा पृष्ठभागही मऊ करून चिकट करतं. थिनरचंही तेच. मॅजिक इरेझर म्हणजे मेलामाइनचा फोम, अगदी बारीक पॉलिशपेपरच. डाग जाताना दिसतो, पण सोबत मॅटची गुळगुळीत कातडीही घासली जाते आणि त्या खरखरीत जागेत पुढची शाई आणखी घट्ट धरते.

तुमचे दोन डाग वेगळे आहेत, उपायही वेगळे.

लाल रेघ: वेट-इरेझची शाई पाण्यात विरघळते. त्याच पेनाने जुन्या रेघेवर नेमकी, थोडी जाड रेघ ओढा आणि शाई ओली असतानाच, पाच-दहा सेकंदांत, ओल्या मायक्रोफायबरने उचला. ताजी शाई सुकलेल्या शाईला परत ओली करते. एका वेळी दोन-तीन इंचच घ्या, नाहीतर पहिलं टोक सुकतं. दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू वापरा. नंतर कोमट पाण्याच्या वाटीत भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून पुसा, मग साध्या पाण्याने.

काळा डाग: इथे पाणी आणि साबण काही करणार नाहीत, ती शाई अल्कोहोलमध्ये बनवलेली असते. मेडिकलमधून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. आधी मॅटच्या अगदी कडेला एका छापील रेघेवर कॉटन बड टेकवून पाहा. बडवर रेघेचा रंग आला तर तिथेच थांबा. नाही आला तर बड ओला करून, निथळणारा नको, डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत जा. घासू नका, शाई पसरते. दहा-पंधरा सेकंद टिपा, कोरड्या कापसाने उचला, नवा बड घ्या. शेवटी ती जागा पाण्याने पुसा.

षटकोनी
वरच्या उत्तरात एक भर. अल्कोहोल डागावर ओतून झाकून ठेवू नका. व्हिनाइल मऊ राहतं ते आतल्या प्लास्टिसायझरमुळे, आणि अल्कोहोल जास्त वेळ राहिलं की तेच बाहेर ओढतं. मग तेवढाच भाग कडक होतो आणि गुंडाळताना तिथे चीर पडते. हँड सॅनिटायझरही नको; अल्कोहोल तेच असलं तरी जेल आणि ग्लिसरीनचा चिकट थर मागे राहतो.

फासा_वीसचा
काळे दरवाजे पूर्ण गेले, रेघा शाबूत. लाल मात्र तीन वेळा करूनही अगदी फिकट गुलाबी दिसतोच.

शाई_आणि_व्हिनाइल
म्हणजे रंग व्हिनाइलच्या आत उतरलाय. आता पुसून काही होणार नाही, रंगच फिका करावा लागेल. व्हिनाइलच्या बाहुल्यांवरचे शाईचे डाग काढायला संग्राहक जे करतात तेच इथे चालतं: मुरुमांवर लावतात ती बेंझॉइल पेरॉक्साइडची जेल. आपल्याकडे २.५ आणि ५ टक्के मिळते. हे पेरॉक्साइड व्हिनाइलच्या आत झिरपतं, म्हणून साध्या हायड्रोजन पेरॉक्साइडपेक्षा उपयोगी.

मॅट सपाट फळीवर पसरा. कॉटन बडने फक्त गुलाबी रेघेवर पातळ थर द्या, जेल सुकू नये म्हणून वर क्लिंग फिल्म, आणि सकाळच्या उन्हात दोन-तीन तास. दुपारचं ऊन टाळा, व्हिनाइल तापून वाकतं. धुऊन बघा आणि पुन्हा करा. एका दिवसात फरक दिसेलच असं नाही. धोका एकच, पण मोठा: मॅटचा मूळ रंगही उडू शकतो. त्यामुळे आधी कोपऱ्यात करून पाहा, आणि जेल रेघेबाहेर जाऊ देऊ नका. हात पुसायला चांगला टॉवेल घेऊ नका, त्यावर पांढरे डाग पडतात.

खेळताना दिसत नसेल इतकं फिकट असेल तर मी तरी हे करणार नाही.

नकाशे_आणि_मिनी
पेनाबद्दल कुणी बोललं नाही. स्टेडलर कंपनीचे ल्युमोकलर मार्कर घेताना पेनावरचा आकडा बघा: ३१५ आणि ३१६ हे पाण्याने पुसले जाणारे, ३१७ आणि ३१८ पर्मनंट. पेनं दिसायला सारखीच, दुकानात एकाच डब्यात असतात. भिंतींना काळा किंवा निळा वापरा. लाल, जांभळा ठेवायचाच असेल तर आग, रक्त अशा छोट्या खुणांपुरता, आणि खेळ संपला की त्याच रात्री पुसा. उन्हाळ्यात तर नक्कीच, उष्णतेने रंग लवकर आत शिरतो.

नकाशा पुढच्या सत्रापर्यंत हवा असेल तर मोबाइलवर फोटो काढा, किंवा मॅटवर २ मिलिमीटरची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट ठेवून तिच्यावर काढा. टेबलावर टाकायचं मऊ पारदर्शक प्लास्टिक मात्र नको. तेही बहुधा व्हिनाइलच असतं आणि मॅटला चिकटून बसतं.

फासा_वीसचा
पुसल्यावर लगेच गुंडाळला तर चालतो का?

षटकोनी
नाही, आधी पूर्ण कोरडा होऊ द्या. ओलसर राहिलेली शाई गुंडाळीत मागच्या बाजूला उमटते, आणि तुमच्या तर मागेही षटकोन आहेत. घडी घालू नका. जाड पुठ्ठ्याच्या नळीभोवती सैल गुंडाळून आडवा ठेवा.